मुक्कामी गाडी

आमच्या दारात एसटी झोपायची. हे सांगितलं की लोक हसतात, आणि मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. आमचं गाव धारूरच्या वर, बालाघाटाच्या कडेला. नाव सांगितलं तरी तुम्हाला कळायचं नाही, धारूरच्याच निम्म्या लोकांना कळत नाही. घाट चढून आलेली सडक गावात शिरायची, चावडीपाशी अरुंद व्हायची, मारुतीच्या पारापाशी आणखी अरुंद, आणि शेवटी गावाबाहेर आमच्या बौद्धवाड्यापुढच्या माळावर येऊन संपायची. एवढी मोठी गाडी वळवायला गावात जागा होती ती फक्त तिथंच. म्हणून संध्याकाळची शेवटची गाडी आमच्या दारापुढं वळायची, दोनदा खोकायची आणि सकाळपर्यंत मुक्काम करायची. गावानं आम्हाला बाहेर ठेवलं आणि एसटी मात्र आमच्या दारात आणून उभी केली, याची मला लहानपणी फार ऐट होती. गावातल्या बड्या आबांच्या दारात बैलगाडी होती, आमच्या दारात एसटी. आता हिशेब लावा कोण मोठं.

घरात आम्ही चौघं. आप्पा गवंडीकाम करायचे, त्यामुळं त्यांच्या बोटांच्या पेरांत कायम सिमेंट. माय सीताफळाच्या दिवसांत डोंगरातून सीताफळं उतरवून धारूरच्या बाजारात न्यायची, बाकीच्या दिवसांत मिळेल ते काम. मी रंजना, घरात रंजी, आणि माझ्या पाठची सुजाता. आम्ही दोघी मायला उशिरानंच झालो, त्यामुळं ती आमच्यावर जितकी माया करायची तितकीच ओरडायचीही. गाडीचा आवाज घाटातल्या वरच्या वळणावरून ऐकू यायचा आणि त्या आवाजावर माय तवा चढवायची. पहिली भाकरी पलटेपर्यंत गाडीचा उजेड दारातून थेट घरात शिरायचा. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोवरून, रांजणावरून, चुलीवरून फिरायचा आणि विझायचा. सुजाता तेवढ्यात हात नाचवून भिंतीवर हरणं आणि कोंबडे करायची. उजेड गेला की ती रोज नव्यानं रुसायची. सकाळी पुन्हा उलटं. ड्रायव्हर रशीदचाचा पहाटे इंजिन तापवायला घ्यायचे आणि त्या घरघरीवर सगळं गाव उठायचं. पाणी तापवणं, दूध काढणं, परगावी जाणाऱ्यांची पिशव्या भरण्याची लगबग, सगळं त्या आवाजाला बांधलेलं. गावात घड्याळं होती, पण त्यांच्यावर कुणाचा भरवसा नव्हता.

रशीदचाचा ड्रायव्हर, आणि कंडक्टर मामा परळीकडचे. मामांचं खरं नाव गावात कुणी विचारलंच नाही. चाचा उंच, बारीक, कमी बोलणारे. मामा बुटके, आणि ते गप्प बसले तर समजायचं की ताप आलाय. मुक्कामी गाडीच्या माणसांना जेवण घालायची गावाची रीत होती. रोज एका घराची पाळी. ज्या घराची पाळी, तिथनं ताटं झाकून माळावर यायची. डब्यात काय आहे यावरून मामा कुणाच्या घरी सोयरीक जुळतेय आणि कुणाच्या घरी सासू-सुनेचं वाजलंय ते ओळखायचे. फक्त आमच्या वाड्याला पाळी नव्हती. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण नव्हती. गाडी आमच्या दारात, माणसं आमच्या ओट्यावर, हातपाय धुवायला पाणी आमच्या रांजणातलं, आणि भाकरी मात्र गावातून यायची. एक दिवस ज्यांची पाळी होती त्यांच्या घरी कुणीतरी वारलं. सुतकाच्या गडबडीत ताटांची आठवण कुणाला राहणार? चाचा-मामा ओट्यावर बसून राहिले. माय आतनं बघत होती. तिनं येसराची, भाजून दळलेल्या मसाल्याची आमटी केली होती आणि त्या वासानं मामांचं बोलणं हळूहळू बंद पडत चाललं होतं. शेवटी माय बाहेर आली आणि म्हणाली, "भाऊ, आमच्या घरचं चालंल का?" मामा म्हणाले, "अक्का, तासभर झाला वासावरच बसलोय. इचारता काय, वाढा की!" दोघं चुलीपुढं मांडी घालून जेवले. चाचांनी आमटी दोनदा मागून घेतली. दुसऱ्या दिवशी मामांनी चावडीवर सगळ्यांदेखत सांगून टाकलं की बौद्धवाड्याची पाळी धरली नाही तर मी गावात जेवणार न्हाई. मग पाळी आमच्याकडंही फिरायला लागली. अशा गोष्टी पुस्तकात वाचताना फार मोठ्या वाटतात. आमच्याकडं ती आमटीवर झाली.

गावची शाळा सातवीपर्यंत. पुढं धारूर. मुलांचं काय, ती कुणाच्याही मोटारसायकलवर मागं लटकून जायची, काळ्यापिवळ्या जीपच्या मागच्या फळीवर उभी राहून जायची. मुलींना गाडीशिवाय वाट नव्हती. आबांची मंगल माझ्या वर्गात होती. आबा म्हणजे गावातले मोठे शेतकरी, मिशा मोठ्या, आवाज मोठा, आणि मंगलपुढं मात्र एकदम मऊ. आठवीला तिला धारूरला पाठवायची की नाही यावर त्यांच्या घरात महिनाभर खल चालला होता. आबांनी निकाल दिला तो असा: गाडी गावातनं न्हेती, शाळंच्या मागंच उतरवती, परत आणून सोडती, मामा वळखीचा हाय, मग जाऊ द्या. आबांच्या मंगलला जाऊ दिलं म्हणून मग दुसऱ्या घरांनीही मुलींना सोडलं. आम्ही पाच-सहा जणी झालो. मुलींना पास फुकट होता. पिवळट कार्ड, त्यावर चिकटवलेला फोटो, त्यात आम्ही सगळ्या जणी भ्यालेल्या दिसायचो. मामा पास कधी बघायचे नाहीत, पण आम्ही रोज काढून दाखवायचो, कारण आपल्या नावाचं दाखवण्यासारखं दुसरं काही आमच्याकडं नव्हतं.

संध्याकाळी गावात लाइट नसायची. चाचांनी एकदा मला ओट्यावर चिमणीपुढं डोकं घालून वाचताना पाहिलं आणि गाडीचा आतला एक बल्ब लावला. "बैठो. ताटं येईपर्यंत. बॅटरी बसली तर सकाळी सगळ्या गावाला ढकलायला लावीन." ही त्यांनी माझ्याशी बोललेली बहुधा सगळ्यात मोठी गोष्ट. मग मंगल पण यायला लागली. दहावीचं वर्ष सुरू झालं तशा आम्ही दोघी रोज संध्याकाळी मागच्या लांब सीटवर बसून अभ्यास करायचो. आबांना हे पसंत नव्हतं, म्हणजे मुलीनं संध्याकाळचं बौद्धवाड्यात जाणं. पण मंगल म्हणायची, "मी कुठं वाड्यात जाते? मी तर गाडीत जाते." डिझेलचा वास, सीताफळांच्या टोपल्यांचा गोडसर वास, आणि आमच्या चुलीवरनं येणारा लसणाचा. आजही पेट्रोल पंपावर उभी राहिले की मला भूमितीची प्रमेयं आठवतात.

दिवाळीच्या सुमाराला मामा एका संध्याकाळी जेवताना गप्प होते. मायनं विचारलं, "ताप हाय का?" मामांनी हातातला घास खाली ठेवला. "अक्का, गाडीचं काय खरं न्हाई. वरून हुकूम आलाय. खर्च कमी करा, डिझेल वाचवा, ज्या फेरीला उत्पन्न न्हाई ती बंद करा. डेपोचा मानूस आठवडाभर गाडीत बसनार हाय, मोजाया. मुक्काम उडतोय आसं दिसतंय." डेपो कुठला ते मी सांगत नाही. तिथली माणसं हुकमाची ताबेदार, त्यांना आज नावं ठेवून काय करायचं? गाडी भरलेली असायची, हे खरं. पण भरलेली कशानं? पासवाल्या मुली, अर्ध्या तिकिटाची म्हातारी माणसं, मांडीवरची पोरं. पैसे देणारे निम्मे लोक कधीच जीपला लागले होते. आमच्या दृष्टीनं गच्च भरलेली गाडी डेपोच्या दृष्टीनं रिकामी होती. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मी मायला सरळ विचारलं, "गाडी बंद झाली तर माझी दहावी?" माय म्हणाली, "जेव आधी."

बातमी चावडीवर पोचली आणि आबा उभे राहिले. "उत्पन्न पायजे न्हवं त्यांना? उत्पन्न दाखवू. आठवडाभर गावातलं एक माणूस फुकट बसायचं न्हाई." सप्ताहाची वर्गणी गोळा झालेली होती, ती बाहेर काढली. आमच्या वाड्यातून जयंतीची शिल्लक आली. दोन्ही पैसे एका रुमालात बांधले गेले असं गावात त्याआधी झालं नव्हतं. कुणी कोणत्या दिवशी जायचं ते ठरलं. ज्यांचं धारूरला काडीचं काम नव्हतं तेही नटूनथटून निघाले. निवृत्तीनाना ऐंशीच्या घरातले. मामा सवयीनं अर्धं तिकीट फाडायला लागले तर नाना कडाडले, "मला म्हातारा समजतूस का बे? फुल काढ!" डेपोच्या माणसानं विचारलं, काय काम काढलं बाबा धारूरला? नाना म्हणाले, सोयरा आजारी हाय. नाना रोज जायचे, रोज नवा सोयरा आजारी पडायचा, आणि नाना दिवसभर स्टँडवर भजी खाऊन संध्याकाळी परत यायचे. आठवड्याच्या शेवटी आजारी पडले ते नानाच. बाजारच्या दिवशी तर टपावरसुद्धा माणसं. माय सीताफळं संपली तरी रिकामी टोपली घेऊन जाऊन आली.

आणि आम्ही मुली. आबा आदल्या दिवशी आमच्या ओट्यापाशी आले आणि आम्हा सगळ्या जणींना समोर उभं केलं. "पोरींनो, पास दप्तरात तळाला घाला. फुकट बसलाव तर गाडीला काय उत्पन्न? रोज फुल तिकीट मागायचं. मोठ्यानं." आम्हाला केवढी मजा वाटली! पहिल्यांदाच आम्ही कंडक्टरपुढं पैसे धरले आणि बायांसारखं "एक धारूर" म्हणालो. मामांचा हात पंचवर थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, भुवया उंचावल्या, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण शेजारी डेपोचा माणूस मांडीवर कागद धरून बसलेला. मामांनी तिकीट फाडलं. त्या माणसाच्या कागदावर दोन रकाने होते, एक तिकिटाचा, एक पासचा. तो आमच्या निळ्या-पांढऱ्या गणवेशांकडं बघत होता, पण गणवेशाला रकाना नव्हता. त्यानं तिकिटाच्या रकान्यात रेघा मारल्या. आम्ही एकमेकींना कोपरानं ढोसत खिदळत होतो. संध्याकाळी त्याला लघवीला उतरलेला बघून मामा घाईनं कुजबुजले, "पास कावून दडवले गं?" मंगल ऐटीत म्हणाली, "उत्पन्न वाढवाया, मामा." मामांनी कपाळाला हात लावला. पण तोवर चार दिवस होऊन गेले होते, आणि आबांना सांगायचं कुणी? आबा तेव्हा पारावर बसून गाव कसं जिंकतंय ते सांगत होते.

पंधरवडा गेला आणि हुकूम आला. गाडीला बाजारच्या दिवशी चांगलं उत्पन्न आहे, म्हणून दर बाजारी दुपारची एक फेरी राहील. शाळेच्या मुली या गाडीनं जात नाहीत असं दिसून आलं आहे, म्हणून मुक्कामाची आणि सकाळची गरज नाही. आबा आणि आप्पा दोघं डेपोत जाऊन आले. तिथल्या साहेबानं कागद पुढं केला. सबंध आठवड्यात एक पास नाही. मुली आहेत म्हणता, तर दाखवा कुठायत. आबांनी सगळं खरं सांगितलं. साहेब हसला नाही, रागावलाही नाही, आप्पा सांगत होते की त्याला वाईटच वाटलं. पण तो म्हणाला, आता वर कळवलंय, एकदा काढलेली फेरी पुन्हा मिळत नसते, पुढच्या वर्षी अर्ज करा. पुढच्या वर्षी! आमची परीक्षा मार्चमध्ये होती.

त्या संध्याकाळी आबा गावात न जाता आप्पांबरोबर सरळ आमच्या ओट्यावर येऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा. मायनं पाण्याचा तांब्या आणला आणि दारातच थबकली, द्यावा की नाही म्हणून. आबांनी हात पुढं करून तो घेतला आणि सगळा संपवला. मग मिशा पुसत माळाकडं बघत म्हणाले, "मीच पास दडवाया लावले. माज्याच हातानं पोरींना पुसून टाकलं बघा." एवढा मोठा माणूस असा रडवेला झालेला मी पाहिला नव्हता. मी आतल्या अंधारात उभी राहून रडले. कुणाचा राग करावा तेच कळत नव्हतं.

शेवटच्या सकाळी कुणी सांगितलं नव्हतं तरी माळावर गाव जमलं. ज्यांची पाळी होती त्यांनी पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या, आणि ज्यांची नव्हती त्यांनीही काही ना काही आणलं होतं. धपाटे, शेंगांची चटणी, लोणच्याच्या बरण्या. मामा म्हणत होते, "आरं, मी काय सासरी चाललोय का?" आणि डोळे पुसत होते. चाचांनी आतला बल्ब लावला, विझवला, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. गाडी घाट उतरेपर्यंत हॉर्न वाजवत गेली. दुसऱ्या पहाटे इंजिन वाजलं नाही, तर आमच्या घरी सगळेच उशिरा उठलो. सुजाता संध्याकाळी चुलीपुढच्या भिंतीशी हात वर करून बसली आणि थोड्या वेळानं तिनं ते खाली घेतले.

आठवडाभर मी घरी. मंगलही घरी. तिला बघायला पाहुणे येऊन गेल्याचं कानावर आलं. सीताफळाची झुडपं पिवळी पडायला लागली होती. मी ओट्यावर इतिहास वाचायचे आणि मला एक अक्षर दिसायचं नाही. एक दिवस माय शेण टाकून हात धुऊन उठली, पदर नीट केला आणि मला म्हणाली, "चल." ती सरळ गावात शिरली, पारावरून, चावडीवरून, आबांच्या दारात. आबा पायरीवर बसले होते. माय खाली अंगणात उभी राहिली.

"आबा, उद्यापासनं रंजीला मी पायवाटंनं धारूरला न्हेते. मंगलला माज्यासंग द्या."

आबा दचकले. "पायी? घाटानं? आन दिवसभर तुमी खाली काय करनार?"

"स्टँडमागं खानावळ हाय, तितं भाकऱ्या थापायला बाई पायजेल हाय. इचारून आले. शाळा सुटली की दोगींना घेऊन वर यीन."

"लोक काय म्हन्तील, रंजीच्या आई?"

"लोक म्हन्तील की आबांची पोरगी धाव्वी झाली." मायनं मान वर केली. "तुमची पोरगी माज्या जीवाची राखीन. यवढंच सांगाया आलेय."

आबांच्या बायकोनं आतून काय बघितलं, काय ऐकलं, मला ठाऊक नाही. पण आबांनी मागं वळून आत पाहिलं, आणि मग मायला म्हणाले, "किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू असताना आम्ही निघालो. माय पुढं, मधे मंगल, मागं मी. झुडपांवर दव, अंगावर शाली, पायांत रबरी चपला. थोडं उतरल्यावर मागं दगड निसटल्याचा आवाज झाला. आबा काठी घेऊन आमच्या मागं येत होते, चांगलं अंतर राखून. खाली डांबरी लागली तेव्हा ते वळून वर चढायला लागले. असं ते बरेच दिवस आले. मग एक दिवस आले नाहीत, आणि माय म्हणाली, "बसला भरवसा." तिच्या आवाजात जे होतं ते मला आज कळतं. तेव्हा मला फक्त थंडी वाजत होती.

पुढं काही दिवस लहान वर्गातल्या मुलीही बरोबर आल्या. पण रोज एवढं उतरायचं, शाळा करायची, एवढंच चढायचं. एकीचा पाय मुरगळला, एकीच्या घरी कापसाची वेचणी निघाली, एकीच्या आईनं म्हटलं पुरे झालं. उरलो आम्ही दोघी. चढताना माय गाणं म्हणायची, नाहीतर आम्हाला सनावळ्या विचारायची, तिला स्वतःला वाचता येत नव्हतं तरी. उत्तर चुकलं की तिला आमच्या आवाजावरून कळायचं. खानावळीत दुपारी चाचा-मामा जेवायला यायचे. मामा पहिल्याच घासाला ओरडले होते, "ही भाकर माज्या वळखीची हाय!" आणि सरळ आत भटारखान्यात घुसले होते. ते दोघं आता दुसऱ्या फेरीवर होते. जाताना मामा आमच्यासाठी लिमलेटच्या गोळ्या ठेवून जायचे. परीक्षेच्या पहिल्या दिवशी त्यांनी एकेक पेनही ठेवलं होतं.

आम्ही दोघी पास झालो. मंगलच्या लग्नाची बोलणी मागं पडली. ती पुढं लातूरला शिकली, आता तिथंच शिक्षिका आहे आणि स्कूटी अशी चालवते की मागं बसायची माझी हिंमत नाही. मी नर्सिंगला गेले. बीडला नोकरी करते, चष्मा लागलाय, डोक्यात पांढरे केस दिसायला लागलेत. आबा जाईपर्यंत दरवर्षी डेपोत अर्ज देत राहिले. आणि दरवर्षी तिथं नवा साहेब असायचा.

ही गोष्ट इथं संपवता आली असती तर मला बरं वाटलं असतं. माझ्या दहावीनंतरच्या जूनमध्ये सुजाताची सातवी संपली होती. पण त्या हिवाळ्यानं मायचे गुडघे घेतले. सकाळी तिला जमिनीवरून उठता येईना. आप्पांची कामं लांब लांब, दुसरं न्यायला कोण? मायनं दोन-तीनदा प्रयत्न केला, पहिल्या वळणावर बसली ती तिथंच. सुजाता म्हणाली, माय, चल घरी. आणि तिनं दप्तर खुंटीला लावलं. माझ्यापेक्षा ती हुशार होती. हे मी बहिणीच्या मायेनं म्हणत नाही, गुरुजीच म्हणायचे. आमच्यानंतर कितीतरी वर्षं गावातली एकही मुलगी दहावीला बसली नाही. सुजाताचं लग्न झालं, जावई गावातच येऊन राहिला, आता मायजवळ तीच असते. रोज संध्याकाळी मायच्या गुडघ्यांना तेल चोळते. मागच्या खेपेला मी शेजारी बसले होते. चोळता चोळता ती हसून म्हणाली, "ताई, तुला गाडी भेटली. गाडी गेली तर माय भेटली. मला मायचे गुडघे भेटले." ती खरंच हसत होती. मी तिच्या हातातली वाटी घेतली आणि दुसरा गुडघा चोळायला लागले.

मायला बीडला तपासायला न्यायचं ठरलं. बाजारचा दिवस होता. दुपारची फेरी अजून आहे, तेवढी एकच. गाडी माळावर येते, वळते आणि लगेच जाते, मुक्काम नाही की पाळी नाही. आता बायकांना अर्धं तिकीट झालंय, आणि मायसारख्या म्हाताऱ्यांना तर माफच. आधार कार्डावर मायचं वय काही वर्षं जास्तीचं लागलं, ती चूक तेवढी कामाला आली. सवलतींची काही कमी नाही. सकाळी गाडी नाही, एवढंच. सुजातानं आणि मी मायला दोन्ही बाजूंनी धरून वर चढवलं. तिला मागची लांब सीट हवी होती, तिथंच बसवलं. कंडक्टर नवा होता, कोवळा, घाईत. त्यानं माझं अर्धं तिकीट दिलं आणि मायचं कार्ड बघून पुढं जायला लागला.

"माजं तिकीट?" माय म्हणाली.

"आजी, तुमाला फुकट हाय. बसा निवांत."

"फुकट आसूंदे. मशीनीतनं काढ."

"शून्याचं निघतंय ते, आजी. काय करायचंय?"

मायनं पुढच्या सीटचा दांडा धरला आणि दुखऱ्या गुडघ्यांवर जोर देऊन अर्धी उठली. "शून्याचं काढ, पन काढ. आमी गाडीत बसलो हुतो, हे तुज्या सायबाला कळाया पायजे."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "काढा, भाऊ." मशीन करकरलं. मायनं ती चिठ्ठी डोळ्यांपाशी नेऊन उलटीसुलटी बघितली, नीट घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली. गाडी घाट उतरायला लागली होती. मग तिनं मांडीवरचं फडकं सोडलं, सुजातानं दिलेले धपाटे काढले आणि त्या पोराला विचारलं, "जेवलास का रे?"